आईचा दुभाषी मुलगा नको

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना कडू लागेल, तरी लिहितो.

मुलांकडे राहायला आलेले आईवडील इथे मनाने खचतात, तेव्हा डॉक्टरसमोर त्यांच्या वतीने बोलतं कोण? मुलगा, नाहीतर सून. कधीकधी तर शाळकरी नात! आई सांगते, "छातीत धडधडतं, अन्न जात नाही, कशात जीव रमत नाही." डॉक्टरला कळतं, "अ‍ॅसिडिटी आहे." मुलगा वाईट नसतो हो, त्याला लाज वाटते. पण दुखण्याचं मूळ त्याच घरात असेल तर? दिवसभर नातवंडं सांभाळायची, गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजारीण नाही. हे ती मुलाच्याच तोंडून डॉक्टरला कसं सांगणार?

"आईला इंग्रजी येतं की!" येतं, दुकानात पुरेल एवढं. रडायला पुरत नाही.

आणि यात कुणाचे उपकार नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ यांच्यामुळे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाष्याची सोय फुकट द्यावी लागते. तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून हे काम करून घेता येत नाही. मग मागा ना! अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मराठी दुभाषी हवा.

समुपदेशकांनो, भिंतीवर गणपती टांगला म्हणजे संस्कृती कळली असं होत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिली आहे. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, असे साधे प्रश्न आहेत. ते विचारा. आणि आपल्यातलेच जे समुपदेशक संस्कृतीच्या नावाखाली "जरा अ‍ॅडजस्ट करा" सांगतात, त्यांना एवढंच म्हणेन, हा सल्ला शेजारच्या काकू फुकट देतात.

आता महाराष्ट्र मंडळं. ढोल-ताशा, नाटकं, भारतातून कलाकार, सगळं जमतं. मग आपल्या राज्यात परवाना असलेल्या मराठी बोलणाऱ्या समुपदेशकांची एक यादी वेबसाइटवर का जमत नाही? एका शनिवारचं काम आहे.

आईला तिच्या भाषेत बोलू द्या. आणि ती बोलत असताना तुम्ही बाहेर बसा.

पटलं तर आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका.