उष्मांक कुणाचे, हिशोब कुणाचा?

व्यायामात किती कॅलरी जळल्या ते सांगणारी घड्याळं आता गिरगावातल्या चाळींपर्यंत पोचली आहेत. खोताच्या वाडीतून पहाटे चौपाटीवर फिरायला जाणाऱ्या बायकांच्या मनगटांवरही ती दिसतात. परतताना आकड्यांची तुलना होते. आकडा मोठा असला तर पोह्यांची आणखी एक बशी चालते, लहान असला तर रात्रीची पोळी रद्द होते. घरी आल्यावर चादरी धुवायला बसताना मात्र घड्याळ भिजू नये म्हणून काढून ठेवलं जातं. फिरण्याचा हिशोब झाला, चादरींचा झालाच नाही!

हा आकडा येतो कुठून, तो किती खरा आणि कशासाठी वापरला जातो, हे प्रश्न आपण स्त्री-गटांनी विचारायला हवेत. कारण कॅलरीचा आकडा फक्त वजन कमी करायला वापरला जात नाही. या देशात मजुरीसुद्धा त्यावर ठरत आली आहे.

आधी घड्याळाचं बघू. शरीरानं किती ऊर्जा खर्च केली हे नेमकं मोजायचं तर नाकातोंडावर मुखवटा बसवून श्वासातला प्राणवायू किती वापरला गेला ते मोजावं लागतं. किंवा विशिष्ट प्रकारचं पाणी प्यायला देऊन पुढचे काही दिवस लघवीची तपासणी करावी लागते. दोन्ही प्रयोगशाळेतली कामं. घड्याळ यातलं काहीच करत नाही. ते नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल टिपतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ साली ६० जणांवर अशी सात मनगटी यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी ठीक मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईट यंत्राची ९३ टक्के. सरासरी चूक धरली तरी घड्याळातल्या २०० कॅलरी प्रत्यक्षात १५० असू शकतात किंवा अडीचशेही. दोन टोकांत एका पोळीचं अंतर! एवढ्या भरवशावर कुणी रात्रीचं जेवण सोडू नये.

घड्याळ नसेल तर दुसरी रीत तक्त्याची. स्वस्थ बसलेलं माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतं असं धरायचं. त्याला एक ‘मेट’ म्हणतात. ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं म्हणजे साडेतीन मेट. ५५ किलोची बाई तासभर चालली तर साडेतीन गुणिले ५५, म्हणजे सुमारे १९० कॅलरी. पण ती घरी नुसती बसून राहिली असती तरी त्यातल्या ५५ गेल्याच असत्या. चालण्यामुळे जास्तीच्या खर्च झाल्या त्या १३५ ते १४०. यंत्रं बहुधा मोठा आकडा दाखवतात, आणि आपण तो सगळाच व्यायामाच्या खात्यावर मांडतो.

आता हा ‘एक मेट’ कुणाच्या शरीरावरून आला? चाळीस वर्षं वयाच्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषावरून. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ जणांना प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च एक नव्हे, सरासरी ०.८४ कॅलरी निघाला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदही भारतीय माणसाचा विश्रांतीतला खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा कमी धरत आली आहे. थोडक्यात, बाई, भारतीय, बारीक चणीची किंवा पन्नाशी उलटलेली अशी जी जी असेल, तिच्यासाठी तयार आकडा सैल पडतो.

मग व्यायाम करणाऱ्या बाईनं काय करावं? यंत्रात स्वतःचं वजन आणि वय नीट घालावं. मैत्रिणीच्या आकड्याशी नव्हे, स्वतःच्याच गेल्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करावी. नाहीतर सरळ एक साधी कसोटी लावावी: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम जोराचा होतोय. आणि जेवण भुकेवर ठरवावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा ठिकाणी बाईला आणखी एक घास कमी करायला शिकवणारा आकडा चुकीचा निघाला, तर ती चूक लहान नव्हे.

या तक्त्यांमध्ये घरकामही आहे, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. हातानं कपडे धुणं चार मेट, म्हणजे ताशी पाच किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त. वाणसामान घेऊन जिना चढणं साडेसात मेट. ज्या चाळीत लिफ्ट नाही, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

पण इथे एक सापळा आहे. ‘मग बायकांना वेगळा व्यायाम हवाच कशाला? घरकाम हाच व्यायाम!’ हे वाक्य आपण सासरी-माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे ऐकलेलं आहे. व्यायाम म्हणजे स्वतःसाठी काढलेला वेळ. तो आपल्या मर्जीनं सुरू होतो आणि दमलं की थांबतो. धुण्याचा ढीग दमलं म्हणून थांबत नाही. शिवाय कॅलरी म्हणजे कष्ट नव्हेत. १९५९ साली गिरगावातल्या लोहाणा निवासात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. तासन्‌तास बसून पापड लाटण्यात फार कॅलरी जळत नाहीत, पण खांदे, मनगटं आणि कंबर भरून येतात. तो शिणवटा कुठल्याच मेटमध्ये मावत नाही.

आता मजुरीकडे वळू. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं गरजेवर आधारित किमान वेतनाचं सूत्र ठरवलं. डॉ. आक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार मध्यम श्रमाच्या प्रौढ माणसाला रोज २७०० कॅलरी, आणि कुटुंब तीन ‘उपभोग एककांचं’: नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बायकोची कमाई हिशोबात धरायची नाही. हे सूत्र कामगारांच्या बाजूचं होतं यात शंका नाही. भुकेपेक्षा खाली मजुरी जाऊ नये, हे त्यानं मान्य करून घेतलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं रॅप्टाकॉस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण वगैरेंसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. पण बाई ०.८ ची ०.८ च राहिली. २०१९ साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीनं कुटुंब ३.६ एककांचं धरावं असं सुचवलं, मात्र माणशी कॅलरी २४०० वर आणल्या. २०२० च्या मसुदा नियमांत पुन्हा तीन एककं आणि २७०० कॅलरी आल्या.

कुणी म्हणेल, बाईचं शरीर लहान, तिला कमी लागणारच. हे खरं आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात बैठ्या कामाच्या पुरुषाला २११० कॅलरी, बाईला १६६०. जड श्रमाच्या पुरुषाला ३४७०, बाईला २७२०. गुणोत्तर ०.८ च्या जवळपासच येतं. पण हेच आकडे आडवे लावून बघा. जड श्रम करणाऱ्या बाईला बैठ्या कामाच्या पुरुषापेक्षा ६१० कॅलरी जास्त लागतात. मध्यम श्रमाच्या बाईला लागतात २१३०, आणि अंगावर पाजत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत वर आणखी ६००, म्हणजे २७३०. सूत्रातल्या नवऱ्याच्या अख्ख्या एककाहून जास्त! सूत्रात तिच्या वाट्याला येतात २१६०. म्हणजे चूक शरीर मोजण्यात नाही. बाई कुठलं काम करते हे न विचारताच तिचं काम ठरवून टाकण्यात आहे. परळ-लालबागच्या खानावळवाल्या पहाटेपासून गिरणी कामगारांसाठी पोळ्या लाटत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. त्यांची कमाई सूत्रात नव्हती आणि त्यांचे श्रमही नव्हते.

हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच विचारला गेला आहे. श्रीलता बाटलीवाला यांनी १९८२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये कर्नाटकातल्या खेड्यातल्या नोंदी घेऊन हिशोब मांडला. घराघरांतल्या एकूण श्रमाच्या तासांत बायकांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ आणि मुलांचा १६. बायकांचा ऊर्जेचा खर्च पुरुषांपेक्षा कमी नव्हता, ताटात मात्र कमी पडत होतं. त्यावरचा त्यांचा उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो: बाईच्या ताटात वाढ करा हे तर आहेच, पण तिचे कष्टही कमी करा. सरपण आणि पाणी जवळ आणा.

आपल्या शहरातही हेच लागू आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. हा फरक चौपाटीवरच्या फेऱ्यांनी भरून निघणार नाही.

म्हणून गटातल्या मैत्रिणींना सुचवावंसं वाटतं. आरोग्य शिबिरात कॅलरी जाळण्याचे तक्ते वाटण्याआधी प्रत्येकीला विचारू या: दिवसभरात काय उचललंत, किती जिने चढलात, किती वेळ बसलात, कधी जेवलात? किमान वेतनाच्या चर्चेत ०.८ आला की, ती कुठलं काम करते असं धरलंय, हे विचारू या. जुन्या चाळींच्या दुरुस्तीच्या आणि पुनर्विकासाच्या बैठकांत मजल्यावरचा नळ, पाण्याची वेळ आणि लिफ्ट हे बाईच्या आहाराचेच प्रश्न आहेत, असं ठणकावून सांगू या. आणि ज्यांना चौपाटीवर फिरायला आवडतं त्यांनी जरूर फिरावं, घड्याळ घालून किंवा न घालता. तेवढा वेळ घरातला चहा-नाश्ता दुसऱ्या कुणीतरी बघायला हवा, एवढंच.