स्कॉलर सापडले, पुढे काय?

पाचवीला स्कॉलरशिप, सहावीला होमी भाभा, आठवीला पुन्हा स्कॉलरशिप, नववीला पुन्हा होमी भाभा. आपल्यापैकी कित्येकांची शाळा या परीक्षांच्या हिशोबातच संपली. ज्या दोन-चार जणांची नावं शाळेच्या फळ्यावर झळकली ते ‘स्कॉलर’, उरलेले सगळे जनरल पब्लिक! आता कॉलेजात जरा आजूबाजूला बघा. ते स्कॉलर कुठे आहेत? काही आयआयटीत, काही मेडिकलला. आणि काही जण शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याची जर्नल उतरवतायत. त्यांची हुशारी आटली का? मुळीच नाही. दहावीनंतर तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

प्रज्ञावान मुलांना शिकवायचं कसं, हा जगभर गंभीरपणे अभ्यासला जाणारा विषय आहे. त्यावरची पहिली जागतिक परिषद १९७५ साली लंडनमध्ये भरली. पुण्यात तर त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलं निवडायची, पण ती बुद्धी समाजाच्या कामी आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. म्हणजे निवड ही सुरुवात होती, शेवट नव्हे.

आपली गडबड नेमकी इथेच होते. आपल्याकडे निवड झाली की सत्कार, पेढे, पेपरात फोटो आणि विषय संपला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रतिभा शोध योजनेचंच बघा. परीक्षा पास झालेल्यांना अकरावी-बारावीत महिन्याला १२५० रुपये आणि पदवीला २००० रुपये मिळायचे. योजनेची मुदत ३१ मार्च २०२१ ला संपली आणि ती पुढच्या आदेशापर्यंत थांबवली गेली. आपल्यातल्या बऱ्याच जणांची दहावी आली, तेव्हा देशातली सगळ्यात मानाची ही परीक्षाच नव्हती. गावाकडच्या एखाद्या पोरीसाठी ते २००० रुपये म्हणजे एसटीचा पास, मेसचा डबा आणि ‘पुढे शिकू दे’ म्हणायला घरात मिळालेलं एक कारण होतं.

दुसरा मुद्दा परीक्षेचाच. अमेरिकी अभ्यासक जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलं, की प्रतिभेला तीन गोष्टी लागतात : सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातलं काम तडीस नेण्याची चिकाटी. पर्यायांपुढचे गोल काळे करून यातलं कितीसं कळणार? बंद पडलेला पंप मॅन्युअल न बघता दुरुस्त करणारा मुलगा कुठल्या मेरिट लिस्टमध्ये येतो, सांगा!

‘हुशार मुलं काय, कशीही पुढे जातातच. मदत करायची तर मागे पडलेल्यांना करा,’ असं बरेच जण म्हणतात. मागे पडलेल्यांना मदत हवीच, त्यात वाद नाही. पण हुशार मुलं आपोआप पुढे जातात हे खरं नाही. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, क्लासची फी भरायची ऐपत आहे, ती जातात. बाकीची गळतात, आणि गळली हे कुणाला कळतही नाही. रामानुजनही गणित सोडून इतर विषयांत नापास झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली होती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात यावर चांगल्या गोष्टी लिहिल्यात. विषयवार मंडळं, प्रकल्प, प्रादेशिक भाषांत आणि ग्रामीण भागातही ऑलिम्पियाड, बीएडमध्ये अशा मुलांना शिकवण्याचं खास प्रशिक्षण. कागदावर मस्तच! पण यात कॉलेज कुठे आहे? अठराव्या वर्षी प्रतिभा रिटायर होते का?

म्हणून प्रज्ञावान विद्यार्थ्यांवर परिषद भरवणाऱ्या तज्ज्ञांना एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी ‘कसं ओळखायचं’ यावर एक सत्र कमी ठेवा आणि ‘ओळखल्यावर काय’ यावर एक वाढवा. व्यासपीठावर टॉपर बसवाच, पण शेजारी एक खुर्ची मधेच गळालेल्या स्कॉलरलाही द्या. तो का थांबला, हे त्याच्याइतकं नीट कुणीच सांगू शकणार नाही.

आणि मंडळी, तोवर आपणही काही करू शकतो. कॉलेजात गणिताचं, कोडिंगचं, नाटकाचं, पक्षी बघण्याचं मंडळ काढायला जीआर लागत नाही. रिकामा वर्ग, आठवड्यातला एक तास आणि एखादे उत्साही सर किंवा मॅडम पुरेत. शेवटच्या बाकावरच्या त्या स्कॉलरलाही बोलवा. त्याला सत्कार नकोय, बरोबरीनं डोकं चालवणारी चार माणसं हवीयत.