दप्तर कोणाचें, किल्ली कोणाची?

सन २०२३ मध्यें मराठवाड्यांतील निजामी अमदानीच्या नोंदी शोधण्याचें काम निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीकडे आलें, तेव्हां एक अडचण सर्वांच्या ध्यानांत आली. दप्तरें होतीं, पण तीं उर्दूंत व मोडींत असल्यानें वाचणारे शोधून आणावे लागले. आमच्या देगलुरांत ज्यांचीं घरें जुनीं आहेत, त्यांना ही गोष्ट नवी नाहीं. आजोबांच्या हातचा मोडी कागद पेटींत जपून ठेवलेला असतो; नातवाला तो केवळ रेघांचा गुंता वाटतो. वाचणारा उरला नाहीं, म्हणजे नोंद असून नसल्यासारखीच.

आजचीं दप्तरें संगणकांत गेलीं आहेत, म्हणून हीच शंका आम्हांस त्यांच्याविषयीं येते. संगणकांतील नोंदी ज्या कोठारांत लावून ठेवितात, त्यास डेटाबेस म्हणतात. कित्येक डेटाबेस एखाद्या कंपनीच्या मालकीचे असतात व त्यांची आंतली रचना तिलाच ठाऊक असते. आम्ही नोकरींत असतांना एका शाळेंत विद्यार्थ्यांच्या नोंदी अशा एका प्रोग्रॅममध्यें घातल्या होत्या. विकणारा पुढें सांपडेना, फाईल उघडेना. शेवटीं कागदी जनरल रजिस्टरावरून सर्व नांवें पुन्हां लिहावीं लागलीं. दप्तर आपलें आणि किल्ली परक्याची!

ह्याच्या उलट जातीचें एक कोठार आज वाचकांच्या खिशांत आहे. स्मार्टफोनमधील नांवें आणि व्हॉट्सॲपवरील निरोप ज्यांत राहतात, तें एसक्यूलाइट. अमेरिकेंतील रिचर्ड हिप हे आरमाराच्या एका युद्धनौकेसाठीं प्रोग्रॅम लिहीत होते. नोंदींचा डेटाबेस निराळा चाले. तो बंद पडला कीं ह्यांचें काम अडे, आणि बोल मात्र ह्यांनाच लागे. तेव्हां मधल्या कारकुनावांचून चालणारें, एकाच फाइलींत मावणारें दप्तर करावें, असें त्यांच्या मनानें घेतलें व २००० सालीं तें सिद्ध झालें.

विशेष हा कीं, त्यांनीं त्यावरील सर्व हक्क सोडून तें लोकांस अर्पण केलें. इतर जेथें कायद्याची ताकीद लिहितात, तेथें ह्यांनीं वाचकाचें कल्याण चिंतणारा आशीर्वाद लिहिला. त्याचा सारा मजकूर कोणीहि वाचावा, वापरावा, बदलावा. २००४ सालीं ठरलेली फाइलीची रचना आजहि तशीच वाचतां येते, आणि जतन करावयाच्या माहितीसाठीं ती योग्य असल्याची शिफारस अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानेंहि केली आहे. शुद्धतेची काळजी तर वेदपाठ्यांस शोभेल अशी. पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं एकच मंत्र घोळून आपले घनपाठी चूक पकडीत आले. येथें मूळ मजकुराच्या शेकडो पट मजकूर केवळ त्याची परीक्षा घेण्यासाठीं लिहिलेला आहे.

आतां पुढें काय? निदान २०५० पर्यंत हें काम चालवूं, असें कर्त्यांनीं जाहीर केलें आहे. आज जन्मलेलें मूल तेव्हां ऐन पंचविशींत असेल. परंतु हे कर्ते मोजकेच आहेत व बाहेरच्यांचें लेखन ते सहसा घेत नाहींत. त्यांच्यामागें कोण? मजकूर खुला असल्यानें तो दुसऱ्यानें पुढें नेण्यास कोणाची मनाई नाहीं, हा मोठा आधार खरा. पण मोडीलाही कोणीं कुलूप घातलें नव्हतें. शिकणारे सरले, एवढेंच झालें. खुलेपणा वाचण्याचा अधिकार देतो. सामर्थ्य अध्ययनानेंच येतें.

म्हणून आमचें वाचकांस दोन गोष्टींचें सांगणें आहे. आपली शाळा, पतपेढी किंवा देवस्थान नवा प्रोग्रॅम घेऊं लागेल, तेव्हां किमतीच्या आधीं विचारावें, "विकणारा उद्यां नसला तर आमच्या नोंदी आम्हांस वाचतां येतील काय?" आणि घरांत संगणक शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर असा खुला मजकूर नुसता वापरूं नये, तो वाचावयास शिकावें, असें सांगावें. पोथी घरांत असणें हें भाग्य. ती लावतां येणें ही विद्या.