भुकेल्या शरीराचा कारभार

संप्रेरके म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींनी थेट रक्तात सोडलेली रसायने. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका अवटू, अधिवृक्क आणि जननग्रंथींना चालना देते. त्यांचा स्राव रक्तात पुरेसा वाढला की तोच पीयूषिकेला आवर घालतो. स्वादुपिंड मात्र रक्तातील साखर पाहून काम करते: जेवणानंतर इन्सुलिन साखर पेशींत पोचवते, उपाशीपोटी ग्लुकॅगॉन यकृतातील साठा मोकळा करते.

उपासमार लांबली की ही घडी बदलते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांचा मेळघाट १९९३ मध्ये कुपोषणाशी जोडलेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर चर्चेत आला. कुपोषित मुलाच्या शरीरात इन्सुलिन घटते आणि कॉर्टिसॉल वाढून स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. वृद्धी संप्रेरक रक्तात भरपूर असूनही यकृत त्याला दाद देत नाही, म्हणून उंची खुंटते. अवटूचा सक्रिय स्राव कमी होऊन शरीर ऊर्जा वाचवते. जीव जगवण्यासाठी वाढ थांबवली जाते.

अवटूला आयोडीनही लागते. डोंगराळ भागातील मातीतून पाऊस ते वाहून नेतो, त्यामुळे अन्नात त्याची उणीव राहू शकते. या उणिवेतून होणाऱ्या गलगंडाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. आयोडीनयुक्त मीठ हा त्याचा मुख्य उपाय.

पुरेसा आहार मिळाला की संप्रेरकांचा तोल बऱ्याच अंशी सावरतो. मात्र पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पूर्ण भरून येणे अवघड असते. म्हणूनच गरोदर मातेचे आणि बाळाचे पोषण वेळेवर होणे अत्यावश्यक आहे.