वाटणीपत्रकावांचून केलेली वाटणी

युरोपांतील राष्ट्रांच्या संघांतून ब्रिटन बाहेर पडला, या गोष्टीशीं आमच्या वाचकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानें भारतांतील हापूस आंब्यास फळमाशीच्या कारणावरून बंदी केली, तेव्हां ती लंडन व लेस्टर येथील बाजारांसही लागू झाली आणि कोंकणांतील बागाईतदारांस तिची झळ पोंचली, हें अनेकांच्या स्मरणांत असेल. परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें व्यापाराविषयीं नसून, या वादानें त्या देशांतील माणसामाणसांत जें अंतर पाडलें त्याविषयीं आहे.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजीं संघांत सामील झाला. १९७५ सालीं लोकांस विचारलें तेव्हां शेंकडा ६७ मतें राहण्यास अनुकूल पडलीं. २३ जून २०१६ रोजीं पुन्हा विचारलें, शेंकडा ५१.९ लोकांनीं सोडावें म्हटलें, ४८.१ लोकांनीं राहावें म्हटलें. इंग्लंड व वेल्सचा कौल सोडण्याचा, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचा राहण्याचा. मतदानास आठवडा असतां, राहण्याच्या पक्षाच्या पार्लमेंट-सभासद जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघांत खून झाला. पुढील जुलै महिन्यांत इंग्लंड व वेल्समध्यें वंशद्वेष व धर्मद्वेष यांच्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षाच्या जुलैपेक्षां शेंकडा ४१ नें अधिक झाली.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंकनशायर परगण्यांत बोस्टन नांवाचें गांव आहे. भोंवतालची जमीन दलदल उपसून काढलेली, सपाट व गाळाची. कोबी, फ्लॉवर, बटाटे यांचें मोठें आगर. हीं पिकें काढणीच्या वेळीं हात मागतात, आणि गांवचे तरुण त्या कामास राहिनात. २००४ सालीं पूर्वेकडील राष्ट्रें संघांत आलीं, तेव्हां पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया येथील मजूर तेथें मोठ्या संख्येनें आले. दहाबारा वर्षांत गांवाचा चेहरा बदलला. घरभाडीं चढलीं, दवाखान्यांत व शाळांत गर्दी झाली, आपली मजुरी दाबली जाते असें गांवच्या मजुरास वाटूं लागलें. या बोस्टनमध्यें शेंकडा ७५.६ मतें सोडण्याकडे पडलीं. सबंध देशांत इतकें प्रमाण दुसरीकडे कोठेंही नव्हतें.

अशा मतदारांस अडाणी व परद्वेष्टे ठरवून शहरांतील पुष्कळ सुशिक्षितांनीं हात झटकले. आमच्या मतें हा अन्याय होता. गर्दी सोसणारा एक आणि तिचा नफा घेणारा दुसरा, अशी स्थिति असली म्हणजे सोसणारा बोलणारच. पण वर्षानुवर्षें त्याच शेतांत वांकून कोबी कापणाऱ्या, ज्यांचीं मुलें त्याच शाळेंत जात होतीं अशा मजुरांस ‘आतां परत केव्हां जाणार?’ असे प्रश्न ऐकावे लागले, त्यांचा काय अपराध होता? ज्यांच्या पिकासाठीं हे हात आले त्यांनीं त्यांच्या राहण्याची सोय आधीं पाहावयास हवी होती. आमच्याकडील ऊसतोडीच्या टोळ्यांचीं पालें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें निराळें सांगणें नको.

शेतकऱ्यांतही हाच दुभंग होता. संघाच्या समाईक शेतकी धोरणाखालीं ब्रिटनच्या शेतकऱ्यांस दरसाल सुमारें तीन अब्ज पौंडांचें साहाय्य मिळे. डोंगराळ भागांतील पुष्कळ मेंढपाळांचा संसार त्यावरच चाले. नॅशनल फार्मर्स युनियननें एप्रिल २०१६ मध्यें संघांत राहणें हिताचें असा ठराव केला. उलट खुद्द शेतकीमंत्री जॉर्ज युस्टिस सोडण्याचा प्रचार करीत होते, आणि त्यांच्या मागें जाणारे शेतकरी थोडे नव्हते. तीस हेक्टरांवर लागवड असेल त्यानें तीन पिकें घेतलींच पाहिजेत, असल्या नियमांनीं ते कंटाळले होते. तरुणांचा कल राहण्याकडे, वृद्धांचा सोडण्याकडे. म्हणजे वाद घरांतच शिरला. ‘लीव्हर’ व ‘रिमेनर’ हीं नांवें जातींसारखीं चिकटलीं, आणि राजकीय पक्षापेक्षांही लोकांस या नांवाचा अभिमान अधिक वाटूं लागला, असें अभ्यासकांनीं नोंदविलें आहे.

राहावें कीं सोडावें, हें ठरविण्याचा हक्क त्या लोकांचा. आमचा आक्षेप रीतीवर आहे. एकत्र कुटुंबांतील भाऊ वेगळे निघतात तेव्हां पंचांपुढें आधीं वाटणीपत्रक होतें: विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, सोसायटीचें देणें कोणाकडे, बांधावरचें झाड कोणाचें, म्हातारीस कोण सांभाळणार. चुली मागाहून वेगळ्या होतात. ब्रिटननें चूल वेगळी करण्याचें आधीं ठरविलें. मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच, कीं राहावें कीं सोडावें. जकात, मजूर, आयर्लंडची सीमा यांचें काय, हें पुढें पाहावयाचें होतें. त्यामुळें ‘सोडणें’ या एका शब्दांत प्रत्येकानें आपल्या मनांतला अर्थ भरला, आणि अर्थ ठरविण्याची वेळ येतांच जो तो दुसऱ्यास दगलबाज म्हणूं लागला. थेरेसा मे यांनीं आणलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजीं ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं पडला. संघ आधीं बोलणीं करण्यास तयार नव्हता, असें उत्तर यावर देतात. तें खरें, पण मग अटी ठरल्यावर पुन्हा विचारण्याची तजवीज कायद्यांतच आधीं ठेवावयाची. मागाहून ती मागणी आली तेव्हां तिला हरलेल्यांचा कावा असें रूप आलें. शेवटीं ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडला.

त्यानंतर काय झालें? खाटीकखान्यांत माणसें मिळेनात म्हणून २०२१ सालीं हजारों निरोगी डुकरें गोठ्यांतच मारावीं लागलीं. काढणीसाठीं परदेशी मजुरांस हंगामी परवाने देणें भागच पडलें. ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार फारसा चांगला नव्हता, असें त्याच युस्टिस यांनीं मंत्रिपद सोडल्यावर २०२२ सालीं पार्लमेंटांत सांगितलें.

बांधाचा तंटा आयर्लंडांत उभा राहिला. तेथील सुमारें ३१० मैलांची सीमा शेतांमधूनच जाते. उत्तरेचें दूध रोज दक्षिणेच्या दुग्धालयांत जातें. १९९८ च्या समेटानें थांबलेली दंगल पुन्हा पेटूं नये म्हणून त्या सीमेवर नाकीं न बसवितां तपासणी समुद्रावर नेली. त्यामुळें स्कॉटलंडच्या बेण्याच्या बटाट्यास आपल्याच राज्यांतील उत्तर आयर्लंड बंद झालें; तें दार २०२३ च्या विंडसर समझोत्यानंतर उघडलें. युरोपचें दार मात्र बंदच राहिलें. आतां सोडणें चुकलें असें म्हणणारे अधिक आहेत, असें लोकमताच्या पाहण्या कित्येक वर्षें दाखवीत आहेत. तथापि जुनें भांडण उकरून काढण्यास कोणताही मोठा पक्ष सहसा धजत नाहीं. १९ मे २०२५ रोजीं वनस्पति व जनावरें यांच्या आरोग्याचे नियम पुन्हा जुळवून घेण्याविषयीं उभयपक्षीं ठरलें, तेव्हांही ब्रिटनच्या सरकारनें संघांत परतण्याचा प्रश्नच नाहीं असें बजावलें.