पत्ता चुकला, अर्ज बुडाला

हेबियस कॉर्पसचा अर्थ सरळ आहे : ज्याला कोंडले आहे त्याला न्यायासनापुढे आणा आणि कोणत्या अधिकाराने कोंडले ते सांगा. जबाब द्यायचा तो कोंडणाऱ्याने. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ संहितेतच या हक्काला संरक्षण आहे. त्याच अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांत कैद्यांचे असे अर्ज ‘पाठपुरावा केला नाही’ एवढ्याच कारणावरून निकालात निघतात. बंदिवास कायदेशीर होता की नव्हता, याविषयी चकार शब्दही न काढता!

हे घडते कसे? अर्जदाराला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवले जाते. न्यायालयाचे पत्र जुन्या तुरुंगात जाते आणि परत येते. नवा पत्ता कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची. ठरावीक मुदत उलटली की अर्ज खारीज. खारीज केल्याचा हुकूमही रवाना होतो तो त्याच जुन्या पत्त्यावर. आणि या अर्जातला प्रतिपक्ष कोण? खुद्द तुरुंगाधिकारी! माणूस सरकारच्या कुलपात, त्याला हलवणारेही सरकारच. तरी न्यायालयाच्या दप्तरी तो बेपत्ता.

ज्या नियमाचा आधार घेतला जातो तो दिवाणी दाव्यांसाठीचा. १९६२ साली लिंक विरुद्ध वॉबॅश रेल्वे या खटल्यात वकील बैठकीला हजर राहिला नाही म्हणून नुकसानभरपाईचा दावा फेटाळला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ते उचलून धरले. पैशाच्या दाव्याचे हे माप माणसाच्या स्वातंत्र्याला लावावे काय? लिंकला निदान वकील तरी होता. फाशीची शिक्षा झालेल्यांचा अपवाद सोडला, तर हेबियसच्या अर्जदाराला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही.

‘पुन्हा अर्ज करण्यास मुभा’ असे अशा हुकुमांत पुष्कळदा लिहिलेले असते. ही मुभा बव्हंशी कागदावरची. राज्यांच्या न्यायालयांनी शिक्षा दिलेल्या कैद्यांना १९९६ च्या कायद्याने एका वर्षाची मुदत घातली. संघीय अर्ज पडून असताना ही मुदत थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरवले. म्हणजे अर्ज खारीज होईतो बहुधा वर्ष सरलेले असते. २०१० साली अपवादाची एक फट मान्य झाली खरी, पण असाधारण परिस्थिती सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा कैद्यावरच.

उलट सरकारने उत्तर देण्यास विलंब केला, तर तेवढ्यावरून कैदी सुटत नाही. तेव्हा न्यायालये सांगतात, बंदिवास बेकायदा असल्याचे आधी सिद्ध करा. दिरंगाईची शिक्षा एकट्या कैद्यालाच का?

भारतात १९७६ साली, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने हेबियसचे दार उघडउघड लावून घेतले; ते साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत ते परत आलेल्या लिफाफ्यांच्या गठ्ठ्यामागे लागते. ते उघडे ठेवायला नवा कायदा नको. प्रतिवादीच्या वकिलाला कारकुनाने एका ओळीचे पत्र लिहावे : तुमचा बंदी सध्या कोठे आहे?