पट मोजता, पोरं कधी बघणार?

परवा घरच्या कार्याला दौंडला गेले होते. जेवणं आटोपल्यावर भाच्याने विषय काढला. "मावशी, सहावी ते आठवी मिळून पंधरा पोरं. त्यांच्यासाठी सरकारने मास्तर कशाला पोसायचे? करून टाकावी शाळा बंद!" मांडवात वाद नको म्हणून गप्प बसले. उत्तर इथे लिहिते. तो वाचतोच, तुम्हीही वाचा.

पट धरतात ३० सप्टेंबरचा. ऊसतोडीच्या टोळ्या येतात दिवाळीच्या आगेमागे. बीडकडून, अहिल्यानगरकडून माणसं येतात, कोप्या पडतात आणि सोबत शाळेच्या वयाची मुलं असतात. मोजणीच्या दिवशी ती आमच्या तालुक्यात नसतात. जिथे मोजली जातात, तिथे दिवाळीनंतर बसत नाहीत. पट एका गावात, पोर दुसऱ्या गावात!

त्यात आधारची भानगड. नावात, जन्मतारखेत चूक निघाली की वर्गात समोर बसलेलं पोर संचमान्यतेतून गायब. आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने काय ठरवलं? सहावी ते आठवीत विसाच्या आत मुलं असली तर मंजूर शिक्षक शून्य.

बरं, हे पंधरा कोण? ज्यांना व्हॅन आणि फी परवडली ते गेले. उरली ती गुऱ्हाळावरची, वीटभट्टीवरची, रांजणगावला कंत्राटी कामाला जाणाऱ्यांची, मेंढरांमागे फिरणाऱ्यांची मुलं. माझ्या शेवटच्या वर्षांत वर्गात मुली जास्त असायच्या. कारण साधं आहे. एकाचीच फी भरायची तर घरात ती मुलाची भरतात. म्हणजे पट घटला तसा शाळेची गरज असणाऱ्यांचा वाटा वाढला. आणि नेमकी तेव्हाच तुम्ही शाळा उचलणार?

"मग शेजारच्या गावी जावं." जावं ना! शिरूर तालुक्यातल्या एका शाळेतला सातवीचा वर्ग असाच हलवला होता. माझ्या चार मुली होत्या त्यात. रस्ता उसातून जाणारा. दिवाळीपर्यंत दोघी घरी बसल्या. एकीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. त्या अक्षतांना मी गेले नाही.

आम्ही शिक्षक धुतल्या तांदळासारखे नाही, हेही लिहिते. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत खोटी नावं निघाली, ती कुणीतरी लिहिलीच होती. आणि मी जिल्हा परिषदेचा पगार घेऊन स्वतःच्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं. गावाने ते पाहिलं. बाईंचाच भरवसा नाही, तर आपण का ठेवावा?

पण घटलेला पट म्हणजे मेलेली शाळा नव्हे. शेजारच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. तो शंभराच्या वर गेला आणि २०२५ मध्ये शाळेला जागतिक पुरस्कार मिळाला. तीन असताना कुलूप लावलं असतं तर?

माझी मागणी एवढीच. पट वर्षातून दोनदा मोजा, दुसऱ्यांदा जानेवारीत, कोप्यांवर जाऊन. आणि बंद करण्याआधी एक रकाना भरा: यातलं कोणतं पोर उद्या कुठे जाईल?

भाच्या, तूही सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्याच शाळेत होतास. वर्गात तुम्ही अठरा होतात. मोजलंय मी.